गादी उन्हात घालायचे दिवस

संक्रांत आटोपली की मुंबईत काही दिवस एक वेगळं ऊन पडतं. पाठ करून बसावं, असं. बाकी सगळं वर्ष आम्ही मुंबईकर उन्हाला चुकवत फिरतो, सावलीच्या बाजूने चालतो. पण हे अंगावर घ्यायचं ऊन. त्यात घाम नाही, चटका नाही, हवेत ओल नाही. सकाळी खिडकीच्या काचेला हात लावला की मला ते कळतं. मग चहा होतो, आंघोळ होते आणि मी गादी बाहेर काढते.

आता मी लोअर परळला मुलाकडे राहते, पुष्कळ वरच्या मजल्यावर. यंदाही गादी काढली आणि यंदाही सोसायटीचा निरोप आला. सुनेने, मंजिरीने, मोबाइलवर वाचून दाखवला: बाल्कनीच्या कठड्यावर अंथरुणं-पांघरुणं घालू नयेत, इमारतीच्या शोभेला बाध येतो. मी म्हटलं, शोभेला सांग, दुपारनंतर ये. मंजिरी हसली, पण तिची अडचण मला कळते. लिफ्टमध्ये लोकांची तोंडं तिला बघावी लागतात. मुलाचं म्हणणं असं की हल्लीच्या गाद्यांना ऊन लागतच नाही. ही जुनी कापसाची टाकून दे, तुला चांगली स्पंजची आणतो. मी त्याला सांगितलं, माझ्यानंतर काय टाकायचं ते टाक. तोवर ही उन्हात जाणार.

लोकांना हा म्हातारपणाचा हट्ट वाटतो. वाटू दे. मी अकरा-बारा वर्षांची होते तेव्हापासून तो माझ्याकडे आहे, आणि आईकडून आलेला आहे. आईने तो कुठल्या किमतीला सांभाळला हे मी पाहिलेलं आहे.

आमची खोली लालबागला, रस्त्यालगतच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबा गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होते. सुताने भरलेला बीम मागावर चढवताना साखळी निसटली आणि तो त्यांच्या कंबरेवर आला. हॉस्पिटलातून ते घरी आले तेव्हा कंबरेखालचं अंग त्यांचं राहिलं नव्हतं. निघताना डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की पाय आता यायचे नाहीत, पण माणूस जगेल. फक्त पाठीला जखम होऊ देऊ नका. बाबांच्या शेजारच्या खाटेवर असाच एक पडून राहिलेला कामगार होता. तो मार लागून मेला नाही, पाठीच्या जखमा चिघळून मेला. आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि कापसाची गादी भरून घेतली. आमच्या मजल्यावर तोवर गादी अशी कुणाकडे नव्हती. चटई, सतरंजी आणि वर गोधडी, एवढ्यात माणसं सुखाने झोपत.

आई मालवणकडची, बाबाही तिकडचेच. अपघातानंतर तीही गिरणीत लागली, सूत गुंडाळायच्या वाइंडिंगमध्ये, दुसऱ्या पाळीला. त्यामुळे सकाळ तिच्या ताब्यात असायची आणि ती सकाळ गादीची असायची. आमची गॅलरी पूर्वेची. ऊन कठड्यावर उतरलं की आई बाबांना कुशीवर वळवायची, मी पाठीमागून सतरंजी सरकवायची, शेजारच्या राधाकाकू खांद्यांना धरायच्या आणि आम्ही तिघी मिळून त्यांना खाटेवरून खाली घ्यायचो. मग गादी निघायची. तिची घडी कधी घालायची नाही, घडीवर कापूस तुटतो. दोघींनी दोन टोकं धरायची आणि कठड्यावर अशी टाकायची की रात्री जी बाजू खाली होती ती उन्हाकडे येईल. वेताच्या छडीने मारायची, पण धूळ उडेल आणि कापूस जागचा हलणार नाही एवढ्याच जोराने. काल जिथे डोकं होतं तिथे आज पाय. कंबरेखाली खळगा पडू लागला की त्या जागचा टाका उसवून, आत बोटं घालून कापूस सारखा करायचा आणि दाभणाने पुन्हा टाका घ्यायचा. ऊन कलायच्या आत गादी आत आली पाहिजे. आणि आत आल्यावर लगेच घालायची नाही, निवू द्यायची, कारण तापलेली गादी घाम धरते. खाली कडुनिंबाचा पाला. खाटेचे पाय रॉकेल घातलेल्या डब्यांत, ढेकूण चढू नयेत म्हणून. चाळीत ढेकणांनी कुणाला सोडलं नव्हतं, पण आमच्या बाबांच्या खाटेवर ढेकूण सापडला नाही. आईला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

बाबा कधी कधी म्हणत, माझ्यापेक्षा गादीची बडदास्त जास्त. आई म्हणे, तिची ठेवली की तुमची आपोआप राहते.

अपघातानंतर बाबा गप्प झाले होते. पाहायला आलेल्या माणसांशी दोन शब्द बोलायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. कोवळ्या वयात मला वाटे की ते आमच्यावर रागावले आहेत. आता वाटतं, माणसाला नुसतं जगवलं जाण्याची लाज वाटत असावी. जो माणूस रोज धडाधडा चालणाऱ्या मागांमध्ये उभा राहायचा, त्याला आता तीन बायका उचलून खाली ठेवायच्या. आईने ही लाज कधी बोलून दाखवली नाही आणि मानलीही नाही. ती रोज सकाळी पदर खोचायची आणि कामाला लागायची, जणू घरातल्या पुरुषाला कठड्याजवळच्या उन्हाइतकाच रोजचा हक्क आहे.

राधाकाकू घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. नवरा लवकर गेलेला. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता, नुकताच गिरणीत चिकटलेला. उंच, हडकुळा, मोठ्याने हसणारा. बाबांना आठवड्यातून एकदा दाढी करून द्यायला तो यायचा आणि दाढी करता करता चळवळीच्या बातम्या सांगायचा. मुंबई महाराष्ट्राची की नाही, यावर तेव्हा आमच्याकडे नळावर, जिन्यात, भाजीच्या टोपलीपाशी, सगळीकडे बोलणं चालायचं. वसंता सभांना जायचा, भिंती रंगवायचा, परत येताना घसा बसलेला असायचा. बाबा ऐकायचे. वसंताशी मात्र ते बोलायचे. त्यालाच ते विचारायचे की सभेला किती माणूस होता, आणि कोण काय बोललं.

आणि तो जानेवारी आला.

घराघरांत तिळगूळ अजून डब्यांत होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं वरून ठरल्याची बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या. आपण होऊन. माणसं पाळी सोडून रस्त्यावर आली. मला आठवतो तो आवाज. आमच्या चाळीच्या भिंतींना तो लागत होता. मग पोलिसांच्या गाड्या आल्या. मग दगड, लाठ्या, आणि त्यानंतर गोळ्या. मी गोळीचा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. मला वाटलं, कुणीतरी गॅलरीतून रिकामा डबा खाली फेकला.

वसंता त्या सकाळी गेला तो परत आला नाही. संध्याकाळी गिरणीतली दोन माणसं जिना चढून आली आणि राधाकाकूंच्या दारात उभी राहिली. त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काकूंनी त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं आणि ती गेल्यावर दार लावून घेतलं. आई जाऊन त्यांच्यापाशी बसली. काकू रडल्या नाहीत. आई परत आली तेव्हा बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून कर्फ्यू. रस्त्यावर कुणी नाही, एवढंच असतं तर चाललं असतं. पण चाळींच्या गॅलऱ्यांतून दगड येतात, म्हणून गॅलरीतही उभं राहायचं नाही असा हुकूम निघाला. दारं-खिडक्या बंद. कठड्यावर काहीही घालायचं नाही, कारण वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड माणसं लपतात. आमच्या चाळीच्या तोंडाशीच पोलिसांची गाडी उभी होती. आमच्या मजल्यावर कुणीतरी धोतर वाळत घातलं तर खालून शिवी आली आणि पाठोपाठ वर चढून आलेल्या शिपायाची काठी कठड्यावर आदळली.

खोलीत आम्ही तिघं. दार बंद, हवा कोंडलेली. बाबांच्या अंगाची ओल गादीत उतरत होती आणि निघायला वाट नव्हती. आईने पहिल्या दिवशी गादी खोलीतच उभी केली, पंख्याने वारा घातला. दुसऱ्या दिवशी चुलीवर तवा तापवून तो फडक्यात गुंडाळून गादीवर फिरवला. आता आठवलं की मला तिचं आश्चर्य वाटतं. बाहेर शहर पेटलेलं आणि ही बाई गादीला शेक देत होती. तिसऱ्या सकाळी तिने बाबांना कुशीवर वळवलं आणि थांबली. मला म्हणाली, बघ. माकडहाडाच्या वर पैशाएवढा तांबूस डाग पडला होता. तिने त्यावर बोट दाबलं. डाग पांढरा झाला नाही, म्हणजे जखम धरू लागली होती.

बाबांनी विचारलं, काय आहे? आई म्हणाली, काही नाही. पण तिच्या तोंडाकडे पाहून ते समजले. म्हणाले, असू दे. आता असू दे. ते ज्या सुरात बोलले तो सूर मला अजून ऐकू येतो. सुटका दिसल्यासारखा होता तो. आईलाही तो ऐकू आला असणार. तिने बाबांना सतरंजीवर घेतलं, गादीची वळकटी केली, डोक्यावर घेतली आणि दार उघडलं.

बाबा मला म्हणाले, "जा, फटीतून बघ आणि मला सांग."

मी दाराच्या फटीला डोळा लावला. बाबा खाली सतरंजीवर, त्यांना छत आणि भिंत एवढंच दिसत होतं. मी त्यांना सांगत गेले. आई जिन्याकडे गेली. आता दिसत नाही. आता खाली आली, चाळीच्या तोंडाशी. आता रस्त्यावर गेली, बाबा, मधोमध गेली, आणि उन्हात उभी राहिली.

रस्ता मोकळा होता. लालबागचा तो रस्ता मी त्याआधी कधी मोकळा पाहिला नव्हता, नंतरही नाही. दगडांचे तुकडे, एक चप्पल, आणि मधोमध डोक्यावर गादी घेतलेली माझी आई. गाडीतून इन्स्पेक्टर उतरला. दोन शिपाई धावत आले आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबले. बाईला हात कुठे लावायचा, हे त्यांना समजलं नसावं. एवढी शांतता होती की खालचा प्रत्येक शब्द वर येत होता.

"बाई, कर्फ्यू आहे. कळतं ना?" इन्स्पेक्टर म्हणाला. मराठीच होता तो.

"कळतं."

"मग खाली कशाला आलात?"

"वर ऊन घेऊ देत नाही तुम्ही. म्हणून खाली आले."

त्याने तिला गाडीत बसवायला सांगितलं. आई म्हणाली, चला. मग गादी खाली ठेवून तिने त्याला सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर माझा माणूस आहे, त्याला कंबरेखाली जीव नाही, मला नेणार असाल तर त्यालाही उतरवून घ्या, आणि त्याला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं ते तुमच्या शिपायांना शिकवून ठेवते. ती आवाज चढवून बोलली नाही. मी बाबांना शब्द न् शब्द सांगत होते. बाबा म्हणाले, सांग गे, पुढे सांग.

पुढे जे झालं ते आमच्या मजल्यावरच झालं. शेजारचं दार उघडलं. राधाकाकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात वसंताची वाकळ होती. घाटावर गोधडीला वाकळ म्हणतात. काकूंनी ती स्वतः शिवलेली, जुन्या लुगड्यांची. त्यांनी ती कठड्यावर टाकली, दोन्ही हातांनी पसरली, सुरकुत्या काढल्या आणि तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. खालून शिपाई ओरडला. त्या हलल्या नाहीत. पुन्हा ओरडला. काकू खाली पाहून म्हणाल्या, "घाला गोळी. एक घातलीच हाय."

त्यानंतर दारं उघडू लागली. आमच्या मजल्यावरची, मग खालच्या, मग समोरच्या चाळीतली. बायका बाहेर येत होत्या आणि कठड्यावर जे असेल ते टाकत होत्या. गोधड्या, सतरंज्या, चटया, उशा, लेकरांची दुपटी. कुणी घोषणा दिली नाही. दगड पडला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत अंथरुणं लोंबू लागली आणि प्रत्येक अंथरुणामागे एक बाई उभी. इन्स्पेक्टर मान वर करून बघत राहिला. मग तो गाडीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. एक म्हातारा हवालदार आईजवळ आला आणि म्हणाला, बाई, वर जा आता, घाला काय घालायचं ते. आईने गादी पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती जिना चढून आली. तिने कठड्यावर गादी टाकली, उन्हाकडे ओली बाजू करून, आणि छडी मागितली.

लढा म्हटला की मोर्चा, झेंडा, मुठी डोळ्यांपुढे येतात, आणि ते सगळं होतंच; त्यात वसंता होता. पण माझ्या मनात सत्तेला नाही म्हणण्याचं पहिलं चित्र आहे ते हे. मला पुढे आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच काही नको म्हणून सांगितलं. मुलगी शिकवू नका, असं माझ्या चुलत्यांनी सांगितलं. लग्नानंतर नोकरी करू नको, असं सासरच्यांनी सांगितलं. प्रत्येक वेळी माझ्या मनात तो मोकळा रस्ता यायचा आणि मी जे करायचं ते करायची, फारसा आवाज न करता. परवा सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः आले, भला तरुण मुलगा. त्याने मला आजी म्हटलं, नियम समजावला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की तुझा नियम मी वाचलाय, तू दंड लाव. तो म्हणाला, आजी, दंड कसला लावायचा तुम्हाला. मी म्हटलं, मग उन्हाला लाव. तो चहा पिऊन गेला. गादी बाहेरच होती.

पण त्या दिवसाचं सगळं अजून सांगून झालं नाही. तो दिवस सकाळीच संपला असता तर बरं झालं असतं.

दुपारी मागच्या गल्लीत दगडफेक झाली. आमच्या रस्त्यावरूनही अश्रुधुराची नळकांडी सुटू लागली. एक आमच्या गॅलरीत आलं. ते कठड्यावरून उसळलं, आमच्या उंबऱ्याशी आदळलं आणि तिथेच गरगर फिरत धूर ओकू लागलं. आमचं दार उघडं होतं. आमच्या खोलीला मागे खिडकी नव्हती. मी बाहेर पळू शकत होते, आई पळू शकत होती. बाबा खाली सतरंजीवर होते. ते खोकू लागले आणि त्यांनी हात तोंडावर घेतले. उठायचं असतं तेव्हा माणूस कसा हातांनी जमीन चाचपतो, तसं त्यांनी केलं.

आईने कठड्यावरची गादी ओढली आणि त्या नळकांड्यावर टाकली. तिच्यावर स्वतः गुडघ्यांनी बसली. कापूस करपल्याचा वास आला. ती ओरडली, पाणी. मी हंडा ओढत आणला. कर्फ्यूत नळाचा भरवसा नव्हता. तो आमचा सगळा पाण्याचा साठा होता. आईने तो हंडा गादीवर पालथा केला, मग राधाकाकूंनी त्यांचा आणला, मग पलीकडच्यांनी. धूर कोंडला, फुसफुसला आणि बंद झाला.

आई उठली. लुगडं गुडघ्यावर जळालं होतं. तिने बाबांच्या तोंडावर ओलं फडकं ठेवलं, त्यांचा श्वास सरळ होईतो त्यांना धरून बसली. मग बाहेर येऊन तिने गादी उचलून पाहिली. ती उचलेना. भिजलेला कापूस दगडाइतका जड होतो. मधोमध काळं भोक पडलं होतं. एवढी वर्षं जिची घडी घातली नाही, जिच्या कडेला कुणाला बसू दिलं नाही, ती गादी उंबऱ्यात लोळागोळा होऊन पडली होती. मला रडू आलं. आई म्हणाली, रडतेस कशाला, उद्या उसवू.

त्या रात्री बाबांच्या खाली शेजाऱ्यांच्या गोधड्या होत्या, एकावर एक. सकाळी आईने गादीचे टाके उसवले आणि कापूस बाहेर काढला. ओला कापूस लवकर सुटा झाला नाही तर कुजतो. पिंजारी यायचा प्रश्नच नव्हता. तिने कापूस पिळून सगळ्या गॅलरीभर चादरी पसरल्या आणि त्यांच्यावर कापसाचे गोळे मांडले, आणि मजल्यावरच्या बायका येऊन बसल्या. खाली पोलीस होते. त्या दिवशी गॅलरीत बसू नका, असं सांगायला कुणी आलं नाही. बोटांनी कापूस मोकळा करायचा, करपलेला बाजूला काढायचा, धागा धागा सुटा करायचा. पण त्या कापसात धूर मुरला होता. जो हात लावी त्याचे डोळे झोंबायचे. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदराने पुसत होत्या आणि पुन्हा कापूस ओढत होत्या.

राधाकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मला कळलं की त्यांचे खांदे हलताहेत. त्या रडत होत्या. वसंताची बातमी आल्यापासून पहिल्यांदा. कुणी त्यांना जवळ घेतलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. सगळ्याच रडत होत्या आणि सगळ्यांचे हात चालू होते. काकूंनी एकदा मला विचारलं, लई झोंबतंय न्हाई गं? मी म्हटलं, हो काकू. त्या म्हणाल्या, मलाबी.

दुपारी आतून बाबांनी आईला हाक मारली. म्हणाले, माझ्याकडे पण दे. आईने त्यांच्या छातीवर सूप ठेवलं आणि सुपात कापूस. बाबांचे हात मजबूत होते, अपघाताने त्यांना काही झालं नव्हतं. इतके दिवस ते नुसते चादरीवर पडून असायचे. ते कापूस ओढू लागले आणि थोड्या वेळात कोणाही बाईपेक्षा भराभर ओढू लागले. मला म्हणाले, आमच्याकडे नेहमी सूतच यायचं, एवढी वर्षं गिरणीत काढली पण असा कापूस हातात घेऊन बघितला नव्हता. त्यांचेही डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसले नाहीत. त्या दिवसानंतर भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा मी पाहिले नाहीत.

जळून गेलेल्या कापसाची भर घालायची होती. बायकांनी आपापल्या उशा उसवून मूठ मूठ कापूस आणला. राधाकाकूंनी अख्खी उशी आणली. कुणाची, ते कुणी विचारलं नाही. नवी खोळ आईने दोन जुन्या चादरींची शिवली. एक निळ्या पट्ट्यांची, एक पांढरी. ती गादी पूर्वीसारखी सपाट कधी झाली नाही. पण कर्फ्यू उठायच्या आधी बाबा पुन्हा तिच्यावर होते, आणि आईने रोज तेल लावून जपलेला तो तांबूस डाग हळूहळू मावळला. पुढची सगळी वर्षं त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. डॉक्टर बघायला आले की आई त्यांना कुशीवर वळवून पाठ दाखवायची, शाळेतल्या मुलाने वही दाखवावी तशी.

चार वर्षांनी मे महिन्यात महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर मुंगीला वाट नव्हती. दिव्यांच्या माळा, लेझीम, ताशे. सगळी चाळ खाली उतरली होती. राधाकाकू उतरल्या नाहीत. दारात पणती लावून त्या तिच्यापाशी बसून राहिल्या. कुणी पेढा दिला तो त्यांनी घेतला आणि हातात धरून ठेवला.

बाबा म्हणाले, मला बाहेर न्या. आमच्या गणपतीच्या मंडळाची बाकं होती, ती पोरांनी गॅलरीत आणली, वर फळ्या टाकल्या. चार जणांनी गादीची चार टोकं धरून बाबांना गादीसकट फळ्यांवर ठेवलं आणि आईने पाठीशी उशा लावल्या. अपघातानंतर पहिल्यांदा बाबांना कठड्यावरून रस्ता दिसत होता. खाली माणसं नाचत होती, एकमेकांना गुलाल लावत होती. आई त्यांच्या शेजारी उभी होती.

बाबांनी विचारलं, "तू खंय उभी होतंस गे?"

आईला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने कठड्यावरून हात बाहेर काढला आणि खाली गर्दीत एक जागा दाखवली. तिथे आता एक मुलगी बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती. बाबांनी मान पुढे करून ती जागा पाहिली, मग जिना पाहिला, मग पुन्हा ती जागा.

"तिथे ऊन होतं?"

"ऊन सगळीकडेच होतं," आई म्हणाली. "घेऊ देत नव्हते, एवढंच."